दीड मुठीवरचा ध्रुव

२ मार्च

मावशीने आज तिकिटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सांगितलं – उद्या पाचला संपासाठी मतदान. हात वर करायचा, पाय मागे घ्यायचा नाही. मावशी म्हणजे आमची तिकीटवाली. वयाने आईएवढी, जिभेने दोन आयांएवढी.

म्हणाली, "शेजारच्या पार्किंगमधला तो माणूस बघ. दिवसभर दांडा वर करतो, खाली करतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त पगार. आपण सूर्य वर करतो, खाली करतो – आपल्याला कमी."

हसलो सगळे. काका नाही हसले. काकांना काय हसू येणार! सव्वीस वर्षं ह्या तारांगणात अंधारात बसून माइकवर आकाश सांगतात आणि अजून एका खोलीत भाड्याने राहतात. कोटाची कोपरं झिजून आरशासारखी झालीत. मागच्या वर्षी संचालक साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून चारही ऋतूंचं आकाश बोलून घेतलं. म्हणे, आठवण म्हणून जपून ठेवू. आता नोटीस लागलीय – एक तारखेपासून टेप वाजणार, काका अर्ध्या पगारावर. पगार मुळात अर्धाच आहे. त्याचं अर्धं म्हणजे काय ते साहेबांनाच ठाऊक.

माझं काम यंत्राचं. तेल घालायचं, दिवे बदलायचे, लोकांना खुर्च्या दाखवायच्या, रडणारी पोरं बाहेर न्यायची. यंत्र मधोमध उभं असतं, दोन डोक्यांच्या मुंगळ्यासारखं. मला आवडतं ते. ह्याआधी पाच कामं सोडली. गोदाम, बेकरी, गाड्या धुणं... सहा महिन्यांवर कुठे टिकलो नाही. मावशी मला भिंगरी म्हणते. इथे मात्र चौदा महिने झाले. आईचा विश्वास बसत नाही.

३ मार्च

मतदान झालं. बारापैकी अकरा हात. बारावा कारकुनाचा, तो खिशात राहिला. उद्यापासून बंद.

सगळे गेल्यावर मी यंत्र पुसायला आत गेलो. पुसून झालं तरी पाय निघेना. मग ते केलं.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी शेवटचा खेळ संपल्यावर काका त्याला मधल्या खुर्चीत बसवतात आणि त्याच्या घरचं आकाश दाखवतात. झाडूवाला असो, माळी असो. यंत्राला एक चाक आहे, त्यावर आकडे. जगात तुम्ही किती वर उभे, किती खाली, त्याचे. इथला आकडा सत्तेचाळीस. चाक फिरवलं की त्या गावाचं आकाश. मावशी तिच्या आकाशाखाली रडली होती म्हणतात. ती नाही म्हणते, सर्दी होती म्हणते. माझा आकडा अठरा. काकांचं आकाश कुणी बघितलेलं नाही. काका इथलेच, त्यांना काय गरज.

तर मी चाक फिरवलं. सत्तेचाळीस, चाळीस, तीस. ध्रुव उतरू लागला – एकेक पायरी शोधत शिडीवरून उतरावं तसा. अठराला थांबलो. ध्रुव थेट गावच्या समोरच्यांच्या पत्र्यावर येऊन टेकला, लहानपणी असायचा तिथेच. हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींना थोडा कमी. आणि दक्षिणेला, खाली, अगस्ती! इथे तो कधीच उगवत नाही. इथली माणसं म्हातारी होऊन मरतात आणि असा एक तारा आहे हे त्यांना कळतही नाही.

खुर्च्यांच्या मधे गालिच्यावर आडवा झालो. गालिच्याला जुन्या पावसाळी छत्रीसारखा वास येतो. पण डोळे वर असले की वासही बदलतो. गार पाणी मारलेल्या अंगणाचा झाला. तेवढ्यात फोन, आईचा. मी म्हटलं, आई, बाहेर ये, दक्षिणेला बघ, मी पण तोच बघतोय. ती म्हणाली, "मला कुठला वेळ, दूध ठेवलंय गॅसवर. जेवलास का?"

किती वेळ पडलो होतो कोण जाणे. काकांनी दारातून हाक मारली – झालं का रे? गडबडीने उठलो, दिवा मालवला, बाहेर आलो. काका पायरीवर बसले होते, किल्ली हातात. "तू जा," म्हणाले. "मी लावतो कुलूप."

४ मार्च

संपाचा पहिला दिवस. फाटकाशी उभे. हातात पाट्या. मावशीने घरून घडीची खुर्ची आणलीय, त्यावर कुणीच बसत नाही, पिशव्या ठेवतात.

अकराला आत खेळ सुरू झाला! कारकुनाने बटन दाबलं. बाजूच्या भिंतीतल्या हवेच्या झडपेतून आवाज येतो. काकांचा. "या, बसा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. घाई नाही." आम्ही सगळे काकांकडे बघतो आहोत आणि काका पाटी धरून उभे, तोंड बंद.

मावशी म्हणाली, "घ्या! काका संपावर आणि त्यांचा आवाज फुटून कामावर गेला."

काका हसले, पण फक्त ओठांनी.

५ मार्च

उभं राहून राहून पाय दुखले. नुसतं उभं राहणं एवढं अवघड असतं?

७ मार्च

पहाटे स्वप्न पडलं. मी आमच्या घराच्या पत्र्यावर बसलोय आणि मांडीवर ते चाक. आई खालून ओरडतेय, अरे ते फिरवू नको, घर हलतं. मी फिरवतो. घर खरंच हलतं, हळूच, नावेसारखं. भांडी वाजतात. ध्रुव पत्र्याला घासत जातो.

जागा झालो आणि ताडकन उठून बसलो. चाक!

परत सत्तेचाळीसवर आणलं का मी? आणि खीळ? जाताना चाक जागेवर आणून पितळेची खीळ घालायची, हा काकांचा पहिला धडा. बाकी काही विसर, म्हणायचे, आकाश जागेवर ठेवून जायचं. दिवा मालवला हे आठवतं. कोट घेतला हे आठवतं. पायरीवर काका. मधलं काहीच आठवत नाही. कोरं.

आमच्या खोलीत तिघांना दोन खाटा, पाळीपाळीने झोपतो. आज माझी पाळी होती तरी खोलीतल्या ड्रायव्हरला दिली आणि खिडकीशी बसलो. तो म्हणाला, काय रे, संपात झोप पण बंद का?

८ मार्च

शाळेची पोरं आली. मावशीने त्यांना अडवलं नाही. पोरांशी भांडण नाही, म्हणाली. मी झडपेला कान लावून बसलो. आत काकांचा आवाज – "आता मान अगदी मागे टाका. उत्तरेला, चांगला उंच, एकटाच. तो ध्रुव."

आत कुजबुज. मग एका पोरीचा आवाज – नाहीये तिथे.

बाहेर येताना दोन पोरं भांडत होती. खाली एवढा मोठा तारा होता त्याचं नावच नाही सांगितलं, एक म्हणत होतं. बाईंनी त्याला गप्प केलं.

अगस्ती. म्हणजे नाहीच ठेवलं मी जागेवर. पाच दिवस झाले, अख्खं शहर माझ्या गावचं आकाश बघतंय आणि काकांचा आवाज त्यांना खोटं सांगतोय.

सांगू कुणाला? यंत्राच्या वहीत शेवटची सही माझी. मुद्दाम केलं म्हणतील. नोकरी जाईलच, संपही बुडेल – बघा, संपवाल्यांनी यंत्र बिघडवलं. नोकऱ्या जायची मला सवय आहे. पण ही नको.

आणि खरं लिहू? त्या पोराने मोठा तारा म्हटल्यावर क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी आमच्या अंगणात डोकावून गेल्यासारखं.

९ मार्च

बोटवाला आला. उभा जन्म जहाजांवर काढलेला म्हातारा. दर आठवड्याला येतो, एकाच खुर्चीत बसतो, काकांना ऐकायला. आधी मावशीला विचारलं – मी आत जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही जात.

मावशी म्हणाली, "जा. तुमच्या काकांचं भूत कसं बोलतं ते ऐकून या."

अर्ध्या खेळातून बाहेर आला. फाटकाशी उभा राहिला, हात पुढे लांब केला, मूठ वळली आणि मुठीच्या वरून बघितलं. मग वर अर्धी मूठ आणखी धरली.

"दीड मूठ," म्हणाला. "आत ध्रुव दीड मुठीवर आहे."

कुणाला काही कळेना. तेव्हा त्याने समजावलं. जहाजावर यंत्रं बंद पडली की ते असंच मोजायचे. ध्रुव जितका वर, तितके तुम्ही उत्तरेला. इथे तो साडेचार मुठींवर हवा. "हे आकाश इथलं नाही. फार खालचं आहे. तिथून इथे यायला मला वीस-वीस दिवस लागायचे."

मावशीचे डोळे एकदम चमकले. माझे कान तापले. काका बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

दीड कसा? माझ्या मुठीने जवळजवळ दोन भरतो. पण म्हाताऱ्याचा पंजा वल्ह्याएवढा आहे. त्याच्या मुठीत माझं गाव दीडच होणार.

१० मार्च

काही नाही लिहावंसं वाटत. काका दिवसभर आमच्याकडे पाठ करून उभे होते.

११ मार्च

साहेब खाली उतरले! दोन शाळांनी पैसे परत मागितलेत म्हणे. पोरांनी परीक्षेत ध्रुव खाली काढला, तोही अगदी बरोबर बघून. साहेब तांबडे झाले होते. हे घातपाताचं काम आहे म्हणाले, मला नाव हवं, नाव मिळाल्याशिवाय पगाराचं बोलणं नाही.

मावशी खुर्चीवरून पिशव्या उचलून, पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. आरामात. "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, यंत्र बटनावर चालतं, माणूस कशाला? मग बटनाला विचारा."

सगळे टाळ्या पिटायला लागले. मीही पिटल्या. हात दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते.

साहेब काकांकडे वळले. तुम्ही तरी सांगा, म्हणाले, तुम्ही जुने आहात. काकांनी आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही. घुमटाकडे बघत होते. म्हणाले,

"ज्याचं असेल तो सांगेल."

ते वाक्य दिवसभर माझ्या मागेमागे चालतंय. जिन्यावर, नळाशी, आता इथे वहीपाशी.

१२ मार्च

बोटवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझं गाव कुठलं रे? सांगितलं. खोटं सुचलंच नाही. त्याने मान हलवली, किनाऱ्याचं नाव घेतलं, तिथल्या दीपगृहाचा दिवा कसा दोनदा मिचकावून थांबतो ते सांगितलं. मी ते दीपगृह फक्त एकदा, मामाच्या खांद्यावरून बघितलंय. मग त्याने आपल्याच मुठीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे, आणि कपाळाला आठी घातली.

"नाही जमत," असं काहीतरी पुटपुटला आणि गेला.

काय नाही जमत? माझं वागणं, दुसरं काय. कळलंय त्याला.

१३ मार्च

मावशीला सांगितलं. नळावर बाटल्या भरत होती तेव्हा. सगळं – चाक, अगस्ती, आईचा फोनसुद्धा.

तिने नळ बंद केला. "कुणाकुणाला सांगितलंस?"

तुम्हालाच.

"मग अजून कुणालाच नाही सांगितलंस." झाकणं लावत राहिली. मी म्हटलं, मी साहेबांना सांगतो, चूक माझी, मला काढा. पण काकांचा आवाज खोटा पडतोय, ते मला बघवत नाही. तशी ती वळली. एवढ्या हळू आवाजात मावशी कधी बोलत नाही.

"तू सांगशील, तुला हलकं वाटेल, तू पिशवी उचलून सातवी नोकरी शोधायला जाशील. आमचं काय? तुझ्या एकट्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून बाकी दहा जणांनी बुडायचं? संप मिटू दे. मग काय ते काकांना सांग. साहेबाला नाही, काकांना. तोपर्यंत जीभ दातांखाली धर."

मग एक भरलेली बाटली माझ्या हातात कोंबली. मावशी रागावली की काहीतरी खायला-प्यायला देते.

१४ मार्च

स्वप्न. ह्या शहरातली सगळी माणसं रस्त्यावर उभी राहून मूठ मोजतायत. बसचा ड्रायव्हर, नर्स, पार्किंगवाला दांडा सोडून. सगळ्यांचा ध्रुव खाली आलाय, छपरांच्या कडेवर, आणि सगळ्यांना आपापलं घर आठवतंय. कुणी कामावर जात नाही. कुणी भांडत नाही. इतकं शांत की दूध उतू गेलेलं ऐकू येतं.

आईचा फोन. संप म्हणजे पगार नाही ना, विचारलं. म्हटलं, नाही. म्हणाली, ताईच्या क्लासचं बघू पुढच्या महिन्यात. आणि मग – "पण तू तिथेच आहेस ना अजून? सोडून नाही ना गेलास?"

म्हटलं, इथेच आहे.

१५ मार्च

खेळ बंद केले. साहेबांनीच. दाराला पाटी – तांत्रिक कारणास्तव. कारकून येऊन आमच्यात उभा राहिला, आधी जरा लांब, मग जवळ. मावशीने त्याला पाटी धरायला दिली, उलटी.

झडपेतून आता काही ऐकू येत नाही. मला काकांचा आवाज आठवतो, इतका की मी तो बाजूला उभ्या काकांकडे मागणार होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवलं होतं मधल्या खुर्चीत. मी आकडा सांगू शकलो नव्हतो, गावाचं नाव सांगितलं, तर त्यांनी नकाशा न उघडता चाक फिरवलं, झरकन. एवढ्या लांबचं गाव, त्यांना कसं माहीत! तेव्हा वाटलं होतं, ह्या माणसाला सगळं जग पाठ आहे.

१६ मार्च

मिटला!

दुपारी तीनला मावशी आणि काका वरून खाली आले. मावशीच्या हातात कागद. पगारवाढ मिळाली, मागितली त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. काकांचा पगार पूर्ण. टेप त्यांच्या परवानगीशिवाय वाजणार नाही आणि यंत्राला माणूस हवाच, हे लिहून घेतलंय. नाव? नावाचं साहेबांनी काढलं होतं एकदा, मावशी म्हणाली. पण परवा तीन शाळांच्या बाई एकदम भेटायला आल्या होत्या – त्यांना घातपात नको होता, काका हवे होते. मग साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली.

माळ्याने कारंज्यात उडी मारली. पाणी नव्हतं, गुडघा फुटला. तरी हसत होता.

काका म्हणाले, उद्या सकाळी लवकर ये. यंत्र लावून घेऊ. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मावशीने जाता जाता दंडाला चिमटा काढला. कळलं मला कशासाठी. पिशवी भरून ठेवली नाहीये. पहिल्यांदाच भरावीशी वाटत नाही. काकांनी हाकललं तरी पायरीवर बसून राहीन.

१७ मार्च

आत काका आणि मी, दोघंच. दिवे लावायच्या आधी अंधारातच बोलून टाकलं. काका, चाक मी फिरवलं होतं. तीन तारखेला. परत ठेवायला विसरलो.

काकांनी चाचपत बॅटरी माझ्या हातात दिली. "आकडा वाच."

वाकलो. वाचला. बोटाने धूळ पुसून परत वाचला.

चौदा.

माझं गाव अठरा.

काका पाठमोरे उभे होते, एक हात मधल्या खुर्चीच्या पाठीवर. म्हणाले, "आण सत्तेचाळीसवर. खीळ घाल."

आणलं. घातली. त्या रात्री कुलूप लावायला काका मागे राहिले होते. आणि काका इथलेच, असं मी ह्याच वहीत लिहिलंय.